स्की टूरिंग: चौघा मित्रांनीच जावं की गाइड घ्यावा? (मुक्काम पोस्ट सातारा)

यवतेश्वरकर

नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्यातले चौघं, शाळेपासूनचे मित्र, सगळे पस्तिशीच्या आसपासचे. पावसाळ्यात कास-बामणोली, थंडीत वासोटा, दरवर्षी हिल मॅरेथॉन. थोडक्यात पाय आणि फुप्फुसं बरी आहेत. गुलमर्गला स्कीइंगचे कोर्स करून झालेत, लाल-निळे झेंडे लावलेल्या उतारावरून न पडता खाली येतो. आता गोंडोलाच्या (तिथल्या रोपवेच्या) रांगेत तास-तास उभं राहायचं आणि त्याच घासलेल्या बर्फावरून परत खाली यायचं, याचा कंटाळा आलाय.

म्हणून येत्या फेब्रुवारीत स्की टूरिंग करायचं मनात आहे. माहीत नसलेल्यांसाठी: यात लिफ्ट नसते. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवायची, तिला स्किन म्हणतात. केस मागच्या बाजूला झुकलेले असतात, त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. बुटाची टाच मोकळी राहते. असं चालत डोंगर चढायचा, माथ्यावर पट्टी सोलून काढायची, टाच बंद करायची आणि कुणीच न तुडवलेल्या बर्फावरून खाली यायचं.

प्रश्न असा की गाइड घ्यावा का? माझं मत, नको. आपण सह्याद्रीत कुठे गाइड घेतो? अनोळखी माणूस बरोबर असला की गप्पांची मजा जाते, आणि नकाशा आम्हाला वाचता येतो. दुसरं म्हणजे जागा: गुलमर्गच्या आजूबाजूला, मनालीकडे सिस्सू, की औलीच्या वरचं गोरसन बुग्याल? अनुभवी लोकांनी लिहा. नुसते टोमणे मारणाऱ्यांनीही लिहा, सवय आहे.

कंदीपेढा

मी पयला! बर्फ फक्त गोळ्यात पाहिलाय, पण धागा वाचणार.

मिरजेचा_सतारवाला

म्हणजे गोंडोलाचं तिकीट वाचवण्यासाठी लाखभराचं सामान विकत घेऊन तोच डोंगर चालत चढायचा. सातारकरांचा हिशेब आम्हा सांगली-मिरजेकडच्यांना कधीच कळला नाही.

पोटापाण्याचा

सतारवाले, लाखभर कुठलं बसलंय! स्की, टूरिंगचं बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी पकड), बूट आणि स्किन असा नवा संच दीड-दोन लाखांच्या घरात जातो, कारण सगळं बाहेरून येतं. त्यावर बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी), फावडं वेगळं. मी किमतींची चौकशी करून इनो घेतला आणि झोपलो.

सह्यभटका

रागावू नका, पण हे फॅड आहे. आपल्या जिल्ह्यात किती घाटवाटा अजून नीट नोंदवलेल्या नाहीत. प्रचितगडाची वाट दरवर्षी बदलते. ते सोडून दोन हजार किलोमीटरवर जाऊन पायाला फळ्या बांधायच्या. बरं, 'सह्याद्रीत कुठे गाइड घेतो' असं म्हणताना तुम्ही कोयनेच्या जंगलात वाटाड्या घेऊनच जाता, हे विसरलात का? बामणोलीतून नाव निघते तेव्हा वन खात्याची परवानगी लागते ना? मग?

यवतेश्वरकर

सह्यभटका, वासोट्याचा मुद्दा बरोबर. पण तिथे वाटाड्या परवानगीपुरता, वाट मळलेली आहे.

अनुजा_कराड

मी मनालीच्या पर्वतारोहण संस्थेतून स्कीइंग शिकले, नंतर हामटाच्या बाजूला आणि अटल बोगद्यापलीकडे लाहौलमध्ये थोडं टूरिंग केलंय. गाइडवर नंतर बोलू, आधी स्कीइंगवर.

दादा, झेंडे लावलेल्या उतारावर न पडता येणं आणि टूरिंग यात पुष्कळ अंतर आहे. रिझॉर्टमध्ये बर्फ मशीनने दाबलेला असतो. वर एकाच उतारावर तुम्हाला तीन प्रकार भेटतात: सावलीत मऊ भुकटी, वाऱ्याच्या अंगाला कडक पापुद्रा, आणि मधे असा बर्फ की वरून घट्ट वाटतो पण वळताना स्की आत रुतते. त्यात पाठीवर दहा-बारा किलोची सॅक. मांड्या आधीच चढून चढून भरलेल्या. पहिल्या दिवशी आमच्यातला सगळ्यात चांगला धावणारा मुलगाच सर्वांत जास्त पडला.

चढण्याचंही तंत्र आहे. नवीन माणूस पाय उचलून टाकतो. पाय उचलायचाच नाही, सरकवायचा. चढ वाढला की नागमोडी जायचं आणि टोकाला किक टर्न घ्यायची, म्हणजे एक स्की पूर्ण उलट दिशेला वळवून ठेवायची आणि मग दुसरी झटक्यात तिच्या शेजारी आणायची. सपाट जागी शंभर वेळा करून बघा, तीव्र उतारावर घाबरल्यावर ती येत नाही. आणि घाम येऊ देऊ नका. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. आपल्याकडची मंडळी जॅकेट घालून निघतात, अर्ध्या तासात आतून भिजतात आणि माथ्यावर वाऱ्यात काकडतात. दोन टप्प्यांमध्ये स्किन काढली की जॅकेटच्या आत ठेवा, नाहीतर गोंद गारठतो आणि पुढच्या चढाला ती चिकटतच नाही.

सिस्सूबद्दल: अटल बोगदा २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाल्यापासून हिवाळ्यात लाहौलला जाणं सोपं झालंय. नऊ किलोमीटरचा बोगदा पार केला की थेट टूरिंगच्या डोंगरांसमोर. पण जानेवारी-फेब्रुवारीत तिथे स्थानिक देवांचे सण असतात आणि काही गावं त्या काळात पर्यटकांना येऊ नका असं सांगतात. आधी विचारून घ्या. आणि त्या दरीच्या दोन्ही बाजू हिमस्खलनाच्या आहेत, हे डोळ्यांनी दिसतं.

मिरजेचा_सतारवाला

'आधी विचारून घ्या' हे सातारकरांना सांगताय ताई?

माळकरी_माणूस

एक शंका. ही केसाळ पट्टी कसल्या कातड्याची असते? घरात तुळशीची माळ आहे हो.

अनुजा_कराड

@माळकरी: पूर्वी सीलच्या कातड्याची असायची, आता नायलॉन किंवा मोहेर, किंवा दोन्हीचं मिश्रण. मोहेर म्हणजे अंगोरा बकरीची लोकर, बकरी जिवंत राहते. तरी मन मानत नसेल तर शुद्ध नायलॉनची घ्या. जरा जड सरकते, पण टिकाऊ असते.

फौजी_अपशिंगेकर

मी सैन्यात होतो, गुलमर्गच्या लष्करी शाळेत स्की शिकलो, पुढं वर चौकीवर राहिलो. आमच्या गावात घरटी एक फौजी, त्यामुळं बर्फाच्या गोष्टी ओट्यावर ऐकतच वाढलो. गुलमर्गला सैन्याचं स्की प्रशिक्षण १९४८ पासून चालू आहे. आम्ही ते मजेसाठी केलं नाही, पण एकदा येऊ लागलं की मजा वाटायचीच, खोटं कशाला बोलू.

चार गोष्टी सांगतो. एका उतारावर एका वेळी एकच माणूस. बाकीचे आडोशाला उभे राहून बघणार, डोळा हलवायचा नाही. काठीचे पट्टे मनगटातून काढायचे, सॅकचा छातीचा पट्टा सोडायचा, म्हणजे वाहून गेलास तर सामान तुला खाली ओढत नाही. नवा बर्फ पडला की लगेच दुसऱ्या दिवशी वर जायचं नाही, कितीही ऊन पडू दे. आणि ऊन तापायच्या आत खाली यायचं. आमच्या आधीच्या पिढीत कमरेला लाल दोरी बांधून चालायचे. बर्फाखाली गेला तर दोरीचं टोक तरी वर राहावं म्हणून. आता तुमच्याकडं यंत्रं आहेत.

२०१६ च्या फेब्रुवारीत सियाचीनच्या सोनम चौकीवर साडेएकोणीस हजार फुटांवर दहा जवान गेले, त्यात आपल्या सातारा जिल्ह्याचाही एक होता. ती माणसं कच्ची नव्हती. मी भीती घालत नाही, पण चौघं मित्र आहोत आणि पळायला चांगले आहोत, एवढ्यावर बर्फात जाऊ नका. गुलमर्गमधला पोरगा बरोबर घ्या. तो तिथं लहानाचा मोठा झालाय, कुठल्या नाल्यातून बर्फ कधी सुटतो हे त्याला विचारावं लागत नाही.

यवतेश्वरकर

काका, नमस्कार. तुमच्यापुढे काय बोलणार. पण एक विचारतो, राग मानू नका. २०२३ च्या १ फेब्रुवारीला गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगराच्या हापतखुद भागात हिमस्खलन झालं, दोन पोलिश स्कीअर गेले. त्या लोकांबरोबर स्थानिक गाइड होते. मग गाइड घेतला म्हणजे सुरक्षित, हे कसं?

फौजी_अपशिंगेकर

गाइड घेतला म्हणजे सुरक्षित असं मी कुठं म्हटलं? बाकीचेही होते ना तिथं, वीसेक माणसं बाहेर काढली. कुणी काढली? तिथल्याच लोकांनी.

झुरिचची_सांगलीकर

धागा आत्ता पाहिला. मी मूळची सांगलीची, विश्रामबागची. इथे नवरा आणि दोन मैत्रिणींबरोबर हिवाळाभर टूरिंग चालू असतं. थोडं सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी हिमस्खलन म्हणजे काय ते बघू, कारण 'वरून बर्फाचा गोळा गडगडत येतो' असं चित्र अजून लोकांच्या डोक्यात आहे. टूरिंगवाल्यांना मारतो तो प्रकार वेगळा. बर्फाचा एक आख्खा थर, एक पाट, खालच्या कच्च्या थरावरून सुटतो. घावन तव्यावरून सुटतं तसं, एकदम सगळं. आणि बहुतेक वेळा तो सुटतो कारण आपणच त्यावर उभे असतो.

तो कच्चा थर कसा तयार होतो हे साताऱ्याच्या लोकांना घरबसल्या बघता येतं. दर डिसेंबर-जानेवारीत बातमी येते ना, वेण्णा लेक आणि लिंगमळा परिसरात हिमकण, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर? निरभ्र आकाश, वारा नाही, जमिनीची उष्णता रात्रभर वर निघून जाते आणि हवेतली वाफ थेट स्फटिक होऊन बसते. (कधी आधी पडलेलं दव गोठतं, ते वेगळं.) डोंगरातल्या बर्फाच्या पृष्ठभागावरही अशाच रात्री असेच स्फटिक उगवतात, पिसांसारखे, चमचमणारे, फार सुंदर. मग त्यावर नवा बर्फ पडतो आणि ती पिसं आत गाडली जातात. वरून काही दिसत नाही. आठवडाभराने तुम्ही येता.

दुसरा प्रकार जमिनीलगतचा. जमीन शून्य अंशाच्या आसपास असते, वरची हवा उणे पंधरा. बर्फाचा थर पातळ असेल तर एवढ्याशा जाडीत तापमान झपाट्याने बदलतं, वाफ खालून वर सरकते आणि तळाचा बर्फ साखरेच्या दाण्यांसारखा सुटा होतो. म्हणजे कमी बर्फ असलेला हिवाळा सुरक्षित, असं नाही. उलट. काश्मीरमध्ये अलीकडे चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याचे चाळीस दिवस, कोरडे जाऊ लागलेत. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ उघडं होतं. असा पातळ, थंडीत कुजलेला थर आणि त्यावर फेब्रुवारीत पश्चिमेकडच्या वादळाने टाकलेला मीटरभर नवा बर्फ, आणि तुम्ही फेब्रुवारीच म्हणताय.

उतार मोजा. तीस अंशांखाली पाट सहसा सुटत नाही, तीस ते पंचेचाळीसमध्ये सुटतो. दुर्दैवाने स्कीला मजा तिथेच येते. फोनमध्ये कोन मोजायचं ॲप असतं, त्याची सवय यवतेश्वरच्या डोंगरावरच लावून घ्या. आपला अंदाज नेहमी चुकतो, कधी जास्त तर कधी कमी. आणि फक्त पायाखालचा उतार बघू नका, तुम्ही सपाटीला असाल आणि डोक्यावर पस्तीस अंशांचा उतार असेल तर तो खाली तुमच्यावरच येणार.

इथे दावोसची हिमस्खलन संस्था हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाचला आणि सकाळी आठला धोक्याची पातळी जाहीर करते, एक ते पाच. गंमत म्हणजे सर्वांत जास्त माणसं चार-पाचला मरत नाहीत, तीनला मरतात. कारण चारला लोक घरी बसतात. भारतात डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेकडून सूचना येते, पण ती जिल्हावार असते, तुमच्या नाल्यापुरती नसते. ती दरी भरून काढायला स्थानिक माणूस लागतो. हा माझा गाइडच्या बाजूचा मुद्दा. वाट दाखवायला तो नको. गेल्या सहा आठवड्यांत त्या उतारावर काय काय घडलं हे त्याने पाहिलंय आणि तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून तो हवा.

कंदीपेढा

वेण्णा लेकचे हिमकण बघायला पहाटे गाडी काढून जातो आम्ही. आता त्यांच्याकडे बघायची नजरच बदलली. दंडवत घ्या ताई.

सह्यभटका

सांगलीकरताई, प्रतिसाद उत्तम. मत तेच आहे, पण प्रतिसाद उत्तम.

डॉ_कृष्णाकाठ

वैद्यकीय बाजू. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस थंडीने मरायला वेळ लागतो, तो आधी गुदमरतो. बाहेर सोडलेला श्वासच परत आत जातो, तोंडाभोवतीचा बर्फ वितळून गोठतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक जण वाचतात, अर्ध्या तासानंतर चित्र अगदी पालटतं. काही जण वाहताना झाडा-खडकांवर आदळूनच जातात, त्यांना कोणतंही यंत्र वाचवत नाही.

यातून निघणारी गोष्ट साधी आहे. दहा-पंधरा मिनिटांत हेलिकॉप्टर येत नाही, सैन्य येत नाही, स्की पेट्रोलही (रिझॉर्टची बचाव टोळी) क्वचित. जे येतात ते शेजारी उभे असलेले मित्र. त्यामुळे 'मित्रांबरोबर जायचं का' यापेक्षा 'हे तिघं मला बारा मिनिटांत खणून काढतील का' हे विचारा. बीकन सगळ्यांकडे हवा, पण तो शोधायला येतो किती जणांना?

आणि उंची. साताऱ्याची उंची सातशे मीटर, सांगलीची त्याहून कमी. विमानाने श्रीनगर, त्याच दिवशी गुलमर्ग म्हणजे सव्वीसशे मीटर, दुसऱ्या दिवशी गोंडोलाने चार हजारांच्या जवळ. डोकं दुखणारच. गुलमर्गला निदान दोन रात्री झोपा. डोकेदुखी, मळमळ आणि चालताना तोल जाणं हे सगळं असेल तर गोळी घेऊन वर जायचं नाही, खाली उतरायचं.

मिरजेचा_सतारवाला

डॉक्टर, साताऱ्याच्या माणसाला सांगलीला उतरवलं तरी चालेल का?

डॉ_कृष्णाकाठ

चालेल. भडंग देऊ.

झुरिचची_सांगलीकर

नाताळात सांगलीला येतेय. जे कोणी फेब्रुवारीला जाणार असतील त्यांना माझा सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारा यंत्राचा डबा देऊन जाऊ शकते. मोबाइलला रेंज नसली तरी चालतो, एसओएसचं बटण आहे.

फौजी_अपशिंगेकर

ताई, आणू नका! भारतात परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन आणि तसले मेसेंजर बाळगायला बंदी आहे. परदेशी प्रवाशांना विमानतळावर पकडल्याच्या बातम्या येतात. काश्मीरमध्ये तर विचारूच नका. पोरं चौकीत बसतील आणि तुम्ही झुरिचला.

झुरिचची_सांगलीकर

बापरे. बरं झालं विचारलं. इथे मुलांच्या सॅकलाही अडकवलेला असतो तो.

पोटापाण्याचा

याच निमित्ताने: जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. चौघांतल्या दोघांकडे तरी असू द्या.

सामानाबद्दल आणखी विचारायचं होतं. भाड्याने मिळतं का? पूर्ण टूरिंगचा संच गुलमर्गला मिळतो म्हणतात, पण बुटाचं माप जमेलच याचा भरवसा काय?

अनुजा_कराड

मिळतो, पण मोजका असतो आणि गर्दीच्या दिवसांत आधी सांगून ठेवावा लागतो. माझा सल्ला: बूट स्वतःचे घ्या, बाकी भाड्याने. बूट चावला तर सहल संपली. टूरिंगच्या बुटाला मागे चालण्याची खिट्टी असते, ती उघडली की घोटा पुढे-मागे हलतो. साधा रिझॉर्टचा बूट घालून हजार मीटर चढाल तर नडगी सोलून निघेल. आणि बाइंडिंग पिनचं असेल तर बुटाच्या टोकाला दोन बाजूंना खळगे असलेलाच बूट लागतो. ही पिनची पद्धत फ्रिट्झ बार्थेल नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने ऐंशीच्या दशकात काढली, त्याआधीची बाइंडिंग फार जड असायची. दुकानात हे सांगत नाहीत, 'चलेगा मॅडम' म्हणतात.

गिरणीकामगाराचा_नातू

विषयांतर: यंदाच्या २०२६ च्या मिलान-कोर्टिना हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्की माउंटेनिअरिंग पहिल्यांदाच होतं. चढतात, स्किन ओढून काढतात, उतरतात. ती माणसं स्किन काढतात तेवढ्या वेळात माझी चप्पल निघत नाही.

यवतेश्वरकर

सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. स्थानिक माणूस घेण्याचा मुद्दा पटतोय. निदान पहिले दोन-तीन दिवस तरी घेऊ. पण चौघांचं आमचं ट्यूनिंग इतकं जुनं आहे की निर्णय पटकन होतात, वाद होत नाहीत. तो फायदा लोक धरत नाहीयेत.

बोगद्यापलीकडचा

नमस्कार. मी इथे फक्त वाचायला येतो, लिहीत नाही. यवतेश्वरकर ज्या चौघांबद्दल लिहितोय त्यातला मी एक.

मी अजून 'हो' म्हटलेलं नाही.

मिरजेचा_सतारवाला

🍿

यवतेश्वरकर

अरे! ग्रुपवर तू थम्ब टाकला होतास ना?

बोगद्यापलीकडचा

तू विमानाच्या तिकिटांचे दर टाकलेस, त्याला थम्ब होता. दर चांगले होते.

बाकी दोघांचं माहीत नाही, माझं सांगतो. कोर्समध्ये मी शेवटपर्यंत डाव्या वळणाला बसायचो. तुम्ही तिघं पुढे जाऊन थांबायचात, मी पोहोचलो की लगेच निघायचात. मला दम खायला वेळच मिळायचा नाही, आणि 'थांबा रे' म्हणायला लाज वाटायची. वाद होत नाहीत हे खरंय. कारण मी करत नाही.

झुरिचची_सांगलीकर

बोगद्यापलीकडचे, तुम्ही या धाग्यातला सर्वांत कामाचा प्रतिसाद लिहिलात.

इयान मॅककॅमन नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने शेकडो हिमस्खलन अपघातांच्या नोंदी तपासल्या. त्यात बऱ्याच लोकांना हिमस्खलनाचं प्रशिक्षण होतं, धोक्याच्या खुणाही समोर दिसत होत्या. तरी गेले. का? ओळखीची जागा म्हणून. ठरवलंय तर करूच म्हणून. गटात एकाला जास्त कळतं असं बाकीच्यांनी धरलं म्हणून. दुसरे लोक आधी पोहोचतील म्हणून. आणि इतरांच्या नजरेत उतरू नये म्हणून. ही यादी वाचून मी पहिल्यांदा आमच्या गटाकडे नीट बघितलं होतं.

आमच्यात आता नियम आहे. उतारावर जाण्याआधी प्रत्येकाला विचारायचं, आणि सर्वांत कमी अनुभव असलेल्याला आधी. तो 'नको' म्हणाला तर कारण विचारायचं नाही. खाली हॉटेलात सूप पिताना विचारायचं. नवऱ्याला हा नियम सुरुवातीला अजिबात आवडला नव्हता, कारण त्याला कारणं विचारायची फार सवय.

सह्यभटका

हे मात्र सह्याद्रीतही लागू व्हावं. किती कड्यांवर पोरं केवळ मागे फिरायला लाजतात म्हणून अडकतात.

फौजी_अपशिंगेकर

सैन्यात हुकूम असतो म्हणून हा प्रश्न येत नाही. पण तिथंही चांगला सुभेदार चालताना सर्वांत मागच्याचा वेग धरायचा. पुढं पळणाऱ्याला तो ठेवायचाच नाही पुढं.

यवतेश्वरकर

बोगद्यापलीकडचा, आज रात्री चहाला भेट. इथे लिहायच्या आधी मला सांगितलं असतंस तर... जाऊ दे. ये.

दुसऱ्या दिवशीचा प्रतिसाद: यवतेश्वरकर

भेटलो. चौघंही आले. असं ठरलंय: फेब्रुवारीत गुलमर्गच, सिस्सू नंतर बघू. तिथला गाइड पूर्ण वेळ. पहिले दिवस तीस अंशांखालच्या उतारांवर, झाडांच्या पट्ट्यात, बोगद्यापलीकडच्याचं डावं वळण सुधारेपर्यंत. त्याने 'हो' म्हटलंय, आणि यावेळी थम्ब नाही, तोंडाने. बूट पुण्याला जाऊन मापाने घेणार. डॉक्टरांच्या दोन रात्री मान्य.

राहिलं बीकन. ते वापरायला शिकायचं कुठे? गुलमर्गला जाऊन शिकण्यात दिवस जातील.

झुरिचची_सांगलीकर

बीकनला बर्फ लागतच नाही. ४५७ किलोहर्ट्झवर सगळेच चालतात, मग मेक कुठलाही असो. एक चालू करून डब्यात घालून लपवायचा, बाकीच्यांनी शोधायचा. इथे आम्ही सप्टेंबरात गवतावर सराव करतो. मी नाताळात येताना घरातले तीन-चार घेऊन येते, ते आणायला हरकत नसावी. आधी एअरलाइनला विचारून घेते, माझ्यावर आता विश्वास नाही उरला. शोधताना फोन खिशातून काढून लांब ठेवायचा, नाहीतर सिग्नल फसतो.

अनुजा_कराड

मीही येणार. प्रोब आणि फावडं माझ्याकडे आहे. खणायचा सरावही करा, लोक फक्त शोधण्याचा करतात आणि अर्ध्याहून जास्त वेळ खणण्यात जातो. माणूस सापडलेल्या जागी सरळ खाली खणायचं नाही, उताराच्या खालच्या बाजूने आडवं आत शिरायचं.

कंदीपेढा

कासच्या पठारावर करा ना, मी बघायला येतो.

सह्यभटका

पठारावर फावडं घेऊन गेलात तर मीच वन खात्याला फोन करीन.

कोरेगावचा_बागायतदार

माझ्याकडे या. डिसेंबरअखेर ऊस तुटून जातो, दोन एकरांत गुडघाभर पाचट पडलेलं असतं. यंदा जाळायचं नाही ठरवलंय, कुजवणार आहे. त्याच्याखाली पुरा तुमचं यंत्र, वरून काही दिसायचं नाही. जेवण माझ्याकडे. फक्त गमबूट घालून या आणि हात घालायच्या आधी काठी आपटा, पाचटात घोणस असते.

मिरजेचा_सतारवाला

किती अंशांच्या उतारावर?